सेकंड-हँड कॅमेरा घेतलाय? आधी दादासाहेब फाळके यांची गोष्ट वाचा



जुना, एन्ट्री लेव्हलचा डीएसएलआर घेऊन फोटोग्राफी कशी सुरू करायची, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कर्जत स्टेशनवर ओळखीचं कोणी भेटलं, खोपोली लोकलमध्ये बाजूला कोणी बसलं आणि माझ्या खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग दिसली, की विषय निघतोच. मग मी शटर काउंट बघा, लेन्समध्ये बुरशी बघा, बॅटरी बघा अशी यादी सांगून मोकळा होतो. यादी बरोबर असते, पण त्या यादीने मला स्वतःला फोटो काढता आले नव्हते. मला ज्याचा खरा उपयोग झाला ती एका माणसाची गोष्ट आहे. आज तीच सांगतो, आणि जिथे जिथे आपल्या जुन्या कॅमेऱ्याशी संबंध येईल तिथे थांबून कामाची माहितीही देतो.

माणूस अर्थातच धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण पहिला चित्रपट पडद्यावर आला तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं हा माणूस काय करत होता, ते आपल्यासारख्या नवशिक्यांच्या जास्त कामाचं आहे.

आधी माझी चूक

तीन वर्षांपूर्वी खोपोलीजवळच्या एका कारखान्यातलं माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. हातात जे पैसे आले त्यातले साडेनऊ हजार देऊन मी एक जुना डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ किट लेन्स. बारसं, साखरपुडा, वाढदिवस अशी छोटी कामं करायची असा विचार होता. घरात हा खर्च कुणालाच पटला नव्हता.

दोनच आठवड्यांनी खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आजी फोटोला कधी उभी राहायची नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिने लहानपणी ऐकलेलं. पण त्या दिवशी नातवासाठी तयार झाली. मी पडवीत ट्यूबलाइटखाली तिचे, ओवाळणीचे, सगळ्या पाहुण्यांचे मिळून दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघितले तर जवळजवळ सगळे हललेले. एकच नीट आला होता, आजी दारात चपला शोधत होती तो.

पुढच्या आषाढात आजी गेली.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. आधीच्या मालकाने आयएसओ १०० वर ठेवला होता. ऑटो मोड नवशिक्यांचा असतो असं कुणीतरी सांगितल्यामुळे मी पी मोड लावला होता, आणि पी मोडमध्ये कॅमेऱ्याने आयएसओ होता तसाच ठेवला. त्या उजेडात शटर स्पीड १/८ सेकंदावर आला. एवढ्या वेळात माणूसही हलतो आणि आपला हातही. आयएसओ १६०० केला असता तर सेन्सरचा सिग्नल सोळा पट वाढवला गेला असता आणि तोच फोटो साधारण १/१२५ सेकंदात निघाला असता. म्हणजे एका बटणाचा प्रश्न होता. आणि मी ते बटण कुठे आहे हेही बघितलं नव्हतं.

म्हणून पहिली कामाची गोष्ट इथेच सांगतो. जुना कॅमेरा घरी आणला की मेनूत जाऊन सगळ्या सेटिंग्ज रीसेट करा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि त्या कॅमेऱ्यावर निदान महिनाभर कोणतंही महत्त्वाचं काम घेऊ नका.

त्र्यंबकेश्वर ते बडोदा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथून मोठ्या भावासोबत बडोद्याला गेले आणि कलाभवनात शिकले. सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यातली ही संस्था तेव्हा कला आणि कारागिरी दोन्ही शिकवायची. चित्रकला, मूर्तिकाम, छपाई, फोटोग्राफी, सगळं एका छताखाली.

१८९० च्या सुमारास त्यांच्या हातात कॅमेरा आला आणि ते फोटो काढणं, धुणं, छापणं असे प्रयोग करू लागले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या कामावर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना चांगला, महागडा कॅमेरा भेट दिला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची परवानगी दिली.

म्हणजे चांगला कॅमेरा भेट मिळालेला आणि प्रयोगशाळा संस्थेची. स्वतःचं काय होतं, तर शिकायची तयारी. त्या काळात एक फोटो म्हणजे काचेची एक प्लेट. चुकली की पैसे गेले. आपल्याला कार्डावर हजार फोटो फुकट मिळतात, म्हणून आपण विचार न करता बटण दाबत राहतो. माझ्या दोनशे फोटोंचं तेच झालं होतं. पहिला फोटो काढल्यावर स्क्रीनवर झूम करून डोळे शार्प आहेत का एवढं जरी बघितलं असतं, तरी चूक तिथल्या तिथे कळली असती.

गोध्र्याचा स्टुडिओ

१८९५ मध्ये फाळके यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. आज आपण छोट्या गावात स्टुडिओ काढतो तसंच. पुढे प्लेगची साथ आली आणि १९०० मध्ये त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावलं. स्टुडिओ सोडून ते बडोद्याला परतले आणि तिथे पुन्हा फोटोचा धंदा सुरू करायला बघितला. पण लोकांमध्ये समज पसरला होता, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो. गिऱ्हाईक यायला तयार नाही. धंदा बसला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजी आठवली. बडोद्यात १९०० च्या आसपास फिरणारी ती गोष्ट आमच्या गावात तिच्या लहानपणापर्यंत टिकून होती.

फाळके मग नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवू लागले. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते करूही लागले. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं लग्नानंतरचं नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची सरकारी नोकरी मिळाली. ती त्यांनी तीनेक वर्षांत सोडली.

आपल्या डोक्यावरच्या घाटात

आता गोष्ट आपल्या भागाजवळ येते. नोकरी सोडून फाळके लोणावळ्याला आले आणि भागीदारीत छपाई आणि एन्ग्रेव्हिंगचा कारखाना काढला. शेजारीच मळवलीला राजा रविवर्मा यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता. घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तिथे छापल्या जात. त्या छापखान्यासाठी फाळके फोटो-लिथोचं काम करत, म्हणजे चित्राचा फोटो घेऊन तो छपाईच्या दगडावर उतरवण्याचं.

मुंबईहून रेल्वेने लोणावळ्याला जायचं तर कर्जतवरूनच जावं लागतं, तेव्हाही आणि आताही. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, मागे बँकर इंजिनं लागतात आणि मग घाट चढायला सुरुवात होते. बटाटावडा घेऊन त्या फलाटावर उभा असलो की मला वाटतं, पस्तिशी ओलांडलेला, दोन धंदे बसलेला, एक नोकरी सोडलेला हा माणूस याच स्टेशनवरून वर-खाली गेला असणार. आणि आज त्याच घाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यात चौकजवळ, चित्रपटांचे सेट असलेला एन. डी. स्टुडिओ उभा आहे.

त्या छपाईचा आपल्या सेन्सरशी थोडा संबंध आहे. रंगीत तसबीर छापायला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागायचा. एकावर एक रंग अगदी नेमका बसला तरच चेहरा चेहऱ्यासारखा दिसायचा. आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही प्रत्येक बारीक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो आणि बाकीचे दोन रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोब करून भरतो. म्हणून सेन्सर खराब आहे का हे तपासणं महत्त्वाचं. ते कसं करायचं बघा:

* लेन्सचं झाकण लावून एक फोटो काढा. पूर्ण काळ्या फोटोत झूम करून बघा. लाल, निळे, पांढरे चमकणारे ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. दोन-चार असतील तर चालतं, चांदण्या दिसल्या तर कॅमेरा परत करा.
* ॲपर्चर एफ १६ किंवा एफ २२ ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, घाबरू नका. पण किंमत पाडून मागा.
* लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या भागातल्या पावसाळ्यात ती हमखास वाढते.
* शटर काउंट विचारा. एन्ट्री लेव्हल बॉडीचं शटर साधारण पन्नास हजार ते एक लाख क्लिकचं धरून चालावं. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या माहितीतच सापडतो, काहींना वेगळं सॉफ्टवेअर लागतं.
* बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. फुगलेली असेल तर डुगडुगते. तशी बॅटरी वापरूच नका.

लोणावळ्याचा कारखाना पुढे दादरला हलला. फाळके १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीलाही जाऊन आले. धंदा चांगला चालला होता. पण भागीदारांशी पटेना आणि ते सगळं सोडून बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, घरात मुलंबाळं, हातात काम नाही.

डोळे गेले आणि परत आले

एप्रिल १९११ मध्ये ते गिरगावात मुलाला घेऊन हलती चित्रं बघायला गेले. ईस्टरनिमित्त येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो बघताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण पडद्यावर आणायचा विचार आला.

मग त्यांनी परदेशी पुस्तकं, कॅटलॉग, एक लहान फिल्म कॅमेरा आणि रिळं मिळवली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्रं पाडून बघायची. रोज चार-पाच तास चित्रपट बघायचे आणि उरलेला वेळ हे कसं होतं याचा विचार करायचा. झोप नाही, विश्रांती नाही. त्यात डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीने नजर परत आली, आणि ते पुन्हा कामाला लागले.

आपण एवढं करायची गरज नाही, पण इथे एक बारीक गोष्ट सांगतो. जुन्या कॅमेऱ्यातून बघितलं आणि सगळं धूसर दिसलं तर लगेच कॅमेरा खराब आहे असं समजू नका. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटी चकती किंवा सरकणारं बटण असतं. त्याला डायॉप्टर म्हणतात. आधीच्या मालकाने ते त्याच्या नंबराप्रमाणे फिरवलेलं असतं. आतली अक्षरं आणि आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. मी पहिला महिनाभर दुसऱ्याच्या नजरेतून बघत होतो आणि मला पत्ताही नव्हता.

लंडनचा कॅमेरा

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळके यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांची ओळख काढली. त्यांच्यामार्फत निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून बघायला मिळाला. त्यांच्या सल्ल्याने विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा घेतला. कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परतले.

इथे लक्षात घ्या, दुकानात सर्वात महाग काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. काम करणाऱ्या माणसाला विचारलं आणि पुरेल असं यंत्र घेतलं. आणि त्या एकाच कॅमेऱ्याची चांगली ओळख करून घेतली.

तेव्हाचे हे कॅमेरे हाताने हँडल फिरवून चालायचे. हँडलच्या एका फेरीत साधारण आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम. हात एकसारखा फिरला नाही तर पडद्यावर माणसं मध्येच पळायची, मध्येच रेंगाळायची. कोरी फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. ती घरी, अंधारात, हाताने यंत्र चालवून पाडावी लागायची. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुवायची रसायनं कशी मिसळायची तेही शिकल्या. दिवसा घरातल्या आणि कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक, रात्री फिल्मचं काम.

कुंडीतला वाटाणा

कॅमेरा आला तरी चित्रपटाला पैसे कोण देणार? हा माणूस काय करणार आहे हेच कुणाला कळत नव्हतं. मग फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि बी रुजून वेल होईपर्यंत महिनाभर थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. १९१२ ची ही फिल्म, अंकुराची वाढ दाखवणारी. मिनिटाभरात कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल चढतो. ओळखीच्या लोकांना बोलावून ती दाखवली आणि कर्ज मिळायचा मार्ग मोकळा झाला.

आज आपण याला टाइम-लॅप्स म्हणतो. रोज एकच फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण जरा गणित करून बघा. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. महिन्यात एवढ्या घ्यायच्या तर दिवसाला ३२ तरी हव्यात. रोज एक घेतली असती तर फिल्म दोन सेकंदांत संपली असती. म्हणजे दिवसभर पुन्हा पुन्हा त्या कुंडीपाशी जाणं आलं.

मी फाळके यांच्या चरित्रातलं हे प्रकरण वाचलं तेव्हा माझा कॅमेरा सात-आठ महिने कपाटात पडून होता. विकायला काढला होता, गिऱ्हाईकही ठरलं होतं. ते वाचून मी आजीच्या डब्यातले कडवे वाल काढले, भिजवले आणि मागच्या ओट्यावर कुंडीत लावले. रायगडात वाटाण्यापेक्षा वालच खरे!

तुम्हाला करायचं असेल तर असं करा:

* कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा विटांवर पक्का ठेवा. त्याची जागा खडूने आखून ठेवा, कारण बॅटरी बदलताना तो हलतोच.
* मोड एम, म्हणजे मॅन्युअल. ॲपर्चर एफ ८, आयएसओ १००. शटर स्पीड उजेडाप्रमाणे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फोटो कमी-जास्त उजळ येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो.
* व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा. फोकस एकदा करून लेन्सवरचं बटण एम वर सरकवा.
* काही मॉडेलमध्ये ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय असते. नसेल तर हाताने काढा, पण दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलणार नाही.
* दिवसाला वीस फोटो, बारा दिवस. झाले २४०. सेकंदाला २४ फोटो या वेगाने जोडले की दहा सेकंदांचा व्हिडिओ होतो.

त्या बारा दिवसांत मी शटर स्पीड, ॲपर्चर, आयएसओ हे तिन्ही जेवढे शिकलो तेवढं आधीच्या महिन्यांत कितीतरी व्हिडिओ बघूनही शिकलो नव्हतो. कारण कुंडी जागची हलत नव्हती. बदलत होता तो फक्त उजेड, आणि तो मला पहिल्यांदाच दिसायला लागला.

राजा हरिश्चंद्र आणि पांढरी चादर

दादरला घरासमोर सेट उभा राहिला. शूटिंग सगळं सूर्याच्या उजेडात. पावसाचे ढग आले की काम बंद. चेहऱ्यावर सावली पडली की पांढऱ्या चादरी धरून ऊन परतवायचं, आणि तासन्‌तास चादर धरून उभं राहणाऱ्यांत सरस्वतीबाईही होत्या. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा एका खाणावळीतल्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला घेतलं. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. कॅमेरा चालवायला त्यांनी त्र्यंबक तेलंग यांना स्वतः शिकवून तयार केलं.

साडेसहा-सात महिन्यांत साधारण ३,७०० फुटांचा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ ला निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला.

ती पांढरी चादर आजही तेवढंच काम करते. माझ्याकडे अजून फ्लॅश नाही. माणसाला खिडकीपाशी किंवा दारात बसवतो, उजेडाच्या विरुद्ध बाजूला कुणाला तरी चादर किंवा थर्मोकोलचा तुकडा धरायला लावतो. आजीचा तो एकच फोटो का चांगला आला, हे मला इथे कळलं. ती दारात उभी होती. बाहेरचा उजेड पडवीतल्या ट्यूबपेक्षा सोळा पट तरी जास्त होता, म्हणून त्याच चुकीच्या आयएसओवर शटर १/१२५ पर्यंत गेलं. मी काहीच केलं नव्हतं. दाराने केलं.

पुढे काय झालं

फाळके नंतर नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये पहिल्यांदा स्त्रियांनी काम केलं, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. १९१७ च्या लंका दहनला तुफान गर्दी झाली. आगकाड्या एक-एक करून हलवत त्यांनी एक मजेशीर फिल्म केली. चित्रपट कसा तयार होतो हे लोकांना कळावं म्हणून तीही एक छोटी फिल्म काढली आणि नवयुग मासिकात या विषयावर लेखही लिहिले. म्हणजे मराठीत तंत्रज्ञान समजावून सांगण्याचं जे काम आपण इथे करतो, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केलं होतं.

शेवट मात्र चांगला नाही झाला. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, पण भागीदारांशी पुन्हा वाद झाले, ते मध्येच सोडून काशीला गेले, परत आले. बोलपट आला आणि त्यांचं तंत्र जुनं ठरलं. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी. त्यानंतर काम मिळालं नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने सुरू केला तो १९६९ मध्ये.

यातून कष्ट केले की यश मिळतंच, असं मी सांगणार नाही. त्यांचे धंदे बसले ते बसलेच. पण प्रत्येक बसलेल्या धंद्यातून हाताला जे वळण लागलं ते वाया गेलं नाही. स्टुडिओतून चेहऱ्यावरचा उजेड, नाटकाच्या पडद्यांतून सेट, जादूतून ट्रिक फोटोग्राफी, छापखान्यातून रसायनं आणि नेमकेपणा. कॅमेरा सगळ्यात शेवटी आला. तो आला तेव्हा हात आणि डोळे तयार होते.

आपलं उलट होतं. कॅमेरा आधी येतो, म्हणून हात आणि डोळे नंतर तयार करावे लागतात. त्यासाठी नवा कॅमेरा, महागडी लेन्स काही लागत नाही. जुनी बॉडी, किट लेन्स आणि एक महिना पुरतो.

तुमचा पहिला महिना

* पहिला आठवडा: लेन्स ३५ वर ठेवा आणि झूम करू नका. एन्ट्री लेव्हल सेन्सरवर ३५ चा कोन डोळ्यांना साधारण नैसर्गिक वाटतो. जवळ जायचं तर पायांनी जा.
* दुसरा आठवडा: घरातल्या एकाच माणसाचा, एकाच खिडकीपाशी, सकाळ-दुपार-संध्याकाळ फोटो काढा. आयएसओ आणि शटर वहीत लिहून ठेवा.
* तिसरा आणि चौथा आठवडा: कुंडी.
* पावसाळ्यात: कॅमेरा बॅगेत किंवा कपाटात कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा काढून दहा-वीस फोटो काढा. वापरातल्या लेन्सला बुरशी कमी लागते.

माझा कॅमेरा मी विकला नाही. ठरलेल्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आता कर्जत-खालापूर भागात महिन्याला दोन-तीन छोटी कामं मिळतात. त्यावर घर चालत नाही, पण कॅमेऱ्याचे पैसे फिटले. कुठेही वयस्कर माणसाचा कार्यक्रम असला की मी आधी त्यांना दारात खुर्ची टाकून बसवतो आणि दोन फोटो काढतो. काढले की झूम करून डोळे बघतो. मगच आत जातो.

वालाचा व्हिडिओ दहा सेकंदांचा झाला. चौथ्या सेकंदाला विटेला माझा पाय लागलेला स्पष्ट दिसतो. तो मी तसाच ठेवला आहे.

तुमच्या घरात कपाटात एखादा जुना कॅमेरा पडला असेल तर आजच बाहेर काढा, बॅटरी चार्जिंगला लावा आणि वाटी भर वाल भिजत घाला. भेटूया पुढच्या लेखात!